फोमचं सुपर कब: आठ महिने ढेकळांवर आणि पाण्यावर

गेल्या दसऱ्याला घेतलेलं हे आरसी (रिमोटवर उडणारं) विमान आता आठ महिन्यांचं झालं. पंख 1.3 मीटर, वजन बॅटरीसकट दीड किलोच्या आसपास, फ्लॅप (पंखामागच्या, खाली वाकणाऱ्या पट्ट्या), फुगीर मऊ चाकं, आणि खोक्यातच फ्लोटची, म्हणजे चाकांऐवजी लावायच्या तरंगत्या होडक्यांची, जोडी. खरं पायपर सुपर कब 1949 मध्ये आलं. अलास्कातले लोक त्याला 31 इंची टायर लावून नदीकाठच्या गोट्यांवर उतरवतात. सांगलीत गोटे नसले तरी ढेकळांना तोटा नाही, म्हणून हेच घेतलं.

चाकांवर हे विमान सोनं आहे. आम्ही डिग्रजच्या पुढे एका क्षारपड रानात उडवतो. मिठानं पांढरी पडलेली जमीन, ऊस उगवत नाही, वरून तारा नाहीत. मालकाचं दुःख तीच आमची धावपट्टी, पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. अर्धे फ्लॅप आणि समोरून थोडा वारा असला की दहा-बारा पावलांत चाकं उचलतात. उतरताना पूर्ण फ्लॅप दिले की नाक खाली दबतं, तेव्हा एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) थोडा वर धरावा लागतो. पहिल्या आठवड्यात ते लक्षात आलं नाही आणि नाकावरचा एक पंखा मोडला. चाकांची तार मऊ आहे, दर चार-पाच धपक्यांनी फाकते. शेवटी दोन पायांच्या मध्ये सायकलचा जुना स्पोक बांधला, तेव्हापासून तक्रार नाही.

रंगाचं मात्र आधीच सांगून ठेवतो. पांढरं विमान घेतलंत तर पंखाचं पोट पहिल्याच दिवशी लाल-पिवळं करा, पालथं पडलं तर दिसायला हवं. डिसेंबरात बॅटरी संपत आली, मोटर बंद पडली आणि विमान शेजारच्या उसात गेलं. तोडीला आलेला ऊस, डोक्यापेक्षा हातभर उंच. आत शिरलं की दोन सऱ्यांनंतर दिशा कळत नाही आणि पानं हात-तोंड कापतात. दोन तास शोधलं. नवशिक्यांसाठी सांगतो, अशा वेळी थ्रॉटल देऊन मोटरचा आवाज ऐकायला जाऊ नका. पंखा पाचटात अडकलेला असतो आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळतो. रिमोटवरची एलेरॉनची (पंखाच्या टोकाकडच्या पट्ट्यांची) काठी हलवा आणि त्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची, सर्व्होची, कुरकुर ऐका. आमचं तसंच सापडलं. दुसऱ्याच दिवशी दीडशे रुपयांचा बझर (हरवलं की वाजणारा भोंगा) बसवला.

आता फ्लोट, ज्यांच्यासाठी खरे पैसे मोजले होते. कृष्णा दारात असताना तलाव कशाला, असं सगळे विचारतात. कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरच्या लोकांना विचारा. विमान नदीच्या मध्यात पालथं पडलं तर ते आणायला कोण उतरणार? शेततळ्याचा प्लास्टिक कागद इतका निसरडा की विमानाआधी माणूस आत जायचा. म्हणून शिराळ्याकडचा एक पाझर तलाव गाठला.

पहिल्या दिवशी पाणी आरशासारखं शांत होतं. वाटलं, याहून चांगलं काय. विमान तलावभर पळालं, उठेना. नंतर कळलं की शांत पाणीच वैरी. फ्लोटच्या पोटाला मध्ये एक पायरी असते. वेग आला की मागचा भाग पाण्याबाहेर निघतो, पायरीमागे हवा शिरते आणि पाण्यानं धरलेलं पोट सुटतं. बारीक लाटा असल्या तर ते लवकर सुटतं. आता वारा नसला की आधी एक गोल फेरी मारतो आणि आपल्याच लाटेवरून उड्डाण घेतो. दुसरी अडचण, फ्लोट ज्या खाचांत बसतात तिथे पायरी गुरुत्वमध्याच्या पुढे येत होती, त्यामुळे विमान पाण्यावर बेडकासारखं उड्या मारायचं. नवीन भोकं पाडून फ्लोट मागे सरकवले, पायरी गुरुत्वमध्याच्या किंचित मागे आणली. उड्या थांबल्या. पाण्यातलं सुकाणू इवलंसं होतं, त्याला जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा चिकटवला.

तरी दिवाळीआधी एकदा आडव्या वाऱ्यात वळताना पंख बुडालाच, आणि विमान मध्यावर पालथं. बांधावर गुऱ्हाळवाले मामा उभे होते. गुऱ्हाळ अजून सुरू व्हायचं होतं, काहील (गुळाची भली मोठी कढई) रिकामी. चौघांनी ती पाण्यात लोटली, मामा आत बसले आणि फळीनं वल्हवत विमान घेऊन आले. म्हणाले, "पावणं, म्हापुरात माणसं काढली हितनं, इमान पयल्यांदाच." त्या दिवशी ईएससी वाचला. जानेवारीत दुसऱ्यांदा बुडालं तेव्हा गेला. नव्या ईएससीवर नेलपॉलिशचे दोन हात दिले, जोडांना व्हॅसलीन लावलं, आणि आता ट्रॅक्टरची ट्यूब गाडीत असल्याशिवाय फ्लोट बाहेर काढत नाही.

2200 एमएएचच्या थ्री-सेल बॅटरीवर चाकांनी बारा मिनिटं मिळतात, फ्लोटनी आठ. मे महिन्यात एक बॅटरी पूर्ण भरून डिकीत विसरलो, ती उशीसारखी फुगली. चूक माझी. ठेवायची असेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा.

पोलीस पाटलांनी एकदा हटकलं, रात्रीच्या ड्रोनच्या अफवा ताज्या होत्या. कॅमेरा नाही हे दाखवलं. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात हौसेनं उडवलेलं विमान 'मॉडेल' धरलंय आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीची सरकारी मान्यता) लागत नाही, हेही सांगितलं. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते मात्र आधी बघाच.

घ्यावं का? चाकांसाठी डोळे झाकून. फ्लोटसाठी आधी तलाव आणि तिथला एखादा माणूस जोडा, मग खोकं मागवा. माझी शंभरातली नव्वद उड्डाणं चाकांवरच झाली. मार्चपासून तलावात म्हशी बसायलासुद्धा पाणी नव्हतं.

आता मृग लागलाय, फ्लोट माळ्यावर आहेत. तलाव भरला की मामा फोन करणार आहेत. दिवाळीनंतर काहील चुलाणावर चढते, म्हणून काय बुडवायचं ते त्याआधी बुडवून घ्या, असा त्यांचा निरोप आहे.