पहिली कादंबरी ‘मी’ने सांगावी की ‘तो-ती’ने?

माझ्या पहिल्या कादंबरीची एकशे चाळीस पानं झाली तेव्हा एका मैत्रिणीला वाचायला दिली. तिनं परत देताना एवढंच विचारलं, “हा पोरगा सारखा दाराआडच उभा असतो का रे?”

गोष्ट होती भावाभावांतल्या जमिनीच्या वाटणीची. सांगणारा चौदा वर्षांचा मुलगा, म्हणजे ‘मी’. आता वाटणीची खरी बोलणी मोठी माणसं पोरासमोर कशाला करतील? म्हणून दर दोन प्रकरणांनी मी त्याला कुठे दाराआड, कुठे माळ्यावर, एकदा तर बैलगाडीखाली लपवत होतो. प्रथमपुरुषी निवेदनाची ही पहिली अट आहे: सांगणारा जिथं नाही, तिथं वाचकही नाही. आपल्या गोष्टीतले महत्त्वाचे चार प्रसंग कागदावर मांडा आणि सांगणारा त्यातल्या किती ठिकाणी खरोखर हजर असेल ते मोजा. दोनच ठिकाणी असेल, तर ‘मी’चा मोह सोडावा.

एकच क्षण दोन्ही तऱ्हांनी लिहून बघू.

“अण्णा आले. चपला काढल्या नाहीत. सरळ माजघरात गेले आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी पुस्तकात मान घातली.”

आणि हा दुसरा:

“सदाशिव चपला न काढताच माजघरात गेला. सातबारा पेटीत वर नव्हता. लुगड्यांच्या घडीखाली सापडला तेव्हा त्याला कळलं, पारूनं तो आधीच पाहिलाय. बाहेर पोरगा मोठमोठ्यानं कविता पाठ करत होता.”

पहिल्यात पेटीत काय आहे ते कळत नाही आणि मजा त्या न कळण्यात आहे. दुसऱ्यात नवरा-बायकोमधलं न बोललेलं सगळं एका घडीखाली दिसतं, पण पोराची धास्ती गेली. तो नुसता आवाज होऊन राहिला.

इथंच मराठीची एक खास अडचण दिसते. लेखनाच्या इंग्रजी पुस्तकांतून ती कळणार नाही, कारण त्या भाषेला ती पडतच नाही. ‘मी’ सांगत असला की नाती आपोआप ठरतात: अण्णा आले, आई म्हणाली. तृतीयपुरुषात मात्र प्रत्येक माणसासाठी ठरवावं लागतं, सदाशिव ‘आला’ की सदाशिवराव ‘आले’? पारू ‘म्हणाली’ की पार्वतीबाई ‘म्हणाल्या’? ‘आला’ लिहिलंत की निवेदक त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहतो. ‘आले’ लिहिलंत की अंगणात, जरा लांब. हे पहिल्या पानावरच ठरवा. मी ठरवलं नव्हतं. चौथ्या प्रकरणात सदाशिवराव आले आणि पाचव्यात सदाशिव आला, तर एका वाचकाला ते दोन वेगळे भाऊ वाटले.

बोलीचा प्रश्नही याच फाट्यावर सुटतो. ‘मी’ माणदेशी असो नाही तर वऱ्हाडी, निवेदनसुद्धा त्याच्या बोलीत चालू शकतं, आणि त्याचा ठसा जबरदस्त उमटतो. पण तीनशे पानं ती बोली न घसरता चालवावी लागते, आणि गोव्यातल्या वाचकालाही बरोबर न्यावं लागतं. तृतीयपुरुषात बहुतेक जण निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवतात. ‘बनगरवाडी’त (१९५५) माडगूळकरांनी मधली वाट काढली आहे: सांगणारा ‘मी’च, पण तो बाहेरून आलेला मास्तर. त्यामुळं निवेदन त्याचं, बोली धनगरांची, आणि गाव समजून घ्यायचं कारणही आयतं मिळालं. ‘कोसला’त (१९६३) उलट सांगणाऱ्या पांडुरंग सांगवीकरचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ थेट निवेदनातच शिरलं. ते काढलं तर कादंबरीच उरणार नाही.

‘मी’ म्हणजे लेखक स्वतः, हा समज मात्र सोडा. ह. ना. आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ यमूच्या तोंडून सांगितली. पुरुषानं, तेही एकोणिसाव्या शतकात, पानोपान ‘मी गेले, मी रडले’ लिहिलं.

अनेक ‘मीं’चा तिसरा मार्ग आहे. ‘ययाति’त (१९५९) तिघं बोलतात, ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) सहा जण. पहिल्या कादंबरीला मी तो सुचवणार नाही. आपल्या दोन निवेदकांची नावं झाकून एकेक पान कुणाला तरी वाचायला द्या. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर एकच आवाज दोन नावांनी बोलतोय.

आणि ‘आधी मीमध्ये लिहू, नंतर बदलू’ म्हणाल, तर सांभाळून. मी कॉम्प्युटरवर सरसकट ‘मी’च्या जागी ‘तो’ घातलं. लक्ष्मीकाकूची लक्ष्तोकाकू झाली, बातमीची बाततो, नेहमीचं नेहतो. ते हसून निस्तरलं, पण खरी कटकट पुढेच होती. ‘मी गेलो’चं ‘तो गेला’ होतं, पण ‘मी पाहिलं’चं ‘तो पाहिलं’ होत नाही, ‘त्यानं पाहिलं’ होतं. वाक्यन् वाक्य हातानं फिरवावं लागलं. वर ‘मला वाटलं’ जिथं वाचताना दिसतही नव्हतं, तिथं ‘त्याला वाटलं’ दर ओळीला ठेच लावू लागलं. शेवटी सगळं बाजूला ठेवून नव्यानं लिहायला बसलो. आधीच दोन्ही तऱ्हांनी पहिलं प्रकरण लिहून पाहिलं असतं, तर पंधरा दिवसांत भागलं असतं.

माझा कल विचाराल, तर गोष्ट एका माणसाच्या आत घडत असेल तर ‘मी’, घरभर किंवा गावभर घडत असेल तर ‘तो-ती’. वाटणी घरभर घडते. नव्या खर्ड्यात मी तृतीयपुरुष घेतला, अर्धी प्रकरणं पारूजवळ, अर्धी पोराजवळ. त्याच्या लपण्याच्या जागा एकेक करून काढल्या. बैलगाडी तेवढी ठेवली, कारण तिथं त्याला अर्धंच ऐकू येतं आणि आई माहेरी निघून चाललीय असं समजून तो तिची पिशवी विहिरीत टाकून येतो.