स्वतःला ओळखायची साधनं पारखताना: चाचण्या, छापील डायऱ्या, ॲप, ३६० आणि साधी वही

व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल वाचून ‘अगदी माझंच वर्णन!’ असं वाटलं की चाचणी चांगली. छापील डायरी महिनाभर लिहून हलकं वाटलं की डायरी चांगली. या साधनांना मिळणारे बहुतेक पाच तारे अशाच कारणांवर मिळतात आणि नेमकं हेच कारण सगळ्यात कमी भरवशाचं आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं खास विश्लेषण’ म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मजकूर सगळ्यांच्या कागदावर एकच होता, आणि तो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता.

म्हणून इथे कसोटी वेगळी लावली आहे. गोष्ट घडण्याआधी साधन आपल्याकडून काही लिहून घेतं का? आणि घडून गेल्यावर तेच लिखाण आपल्यापुढे पुन्हा ठेवतं का? जे साधन यातलं काहीच करत नाही, ते करमणूक म्हणून ठीक. कामगिरी सुधारण्यासाठी त्यावर पैसे घालू नयेत.

‘आधी’वर एवढा भर कशासाठी? तर माणूस स्वतःच्या वागण्याची कारणं ज्या ठामपणे सांगतो, तितकी ती त्याला ठाऊक नसतात. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात लोकांना नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड दाखवून सर्वांत चांगला निवडायला सांगितलं होतं. चारही जोड सारखेच होते. सर्वांत उजवीकडचा जोड ४० टक्के लोकांनी उचलला, सर्वांत डावीकडचा १२ टक्के लोकांनी. हाच का निवडला असं विचारल्यावर विणीची, पोताची कारणं पुढे आली. ‘तो उजवीकडे होता म्हणून’ असं स्वतःहून कुणीच म्हटलं नाही.

त्यात भर पश्चातबुद्धीची. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर निघण्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून, दौऱ्यात कोणती गोष्ट घडण्याची किती शक्यता वाटते, ते आकड्यांत लिहून घेतलं. दौरे आटोपल्यावर आपापले आकडे आठवून सांगायला लावले. जे प्रत्यक्षात घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना ‘आठवलं’. कागद हाताशी नसता तर ही चूक पकडलीच गेली नसती. रात्री अंथरुणावर पडून डोक्यातल्या डोक्यात केलेल्या आत्मपरीक्षणात नेमका हा कागद नसतो.

चाचण्यांपासून सुरुवात करू, कारण खप त्यांचाच मोठा. एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) ही चाचणी माणसांना १६ प्रकारांत बसवते. अडचण अशी की अंतर्मुख-बहिर्मुख यांसारख्या गुणांवर बहुतेक माणसं मध्याच्या आसपास असतात, आणि ही चाचणी नेमकी मध्यावरच रेघ मारते. रेघेच्या जरा इकडे असलेला माणूस पुढच्या महिन्यात जरा तिकडे जातो, आणि त्याची अख्खी ‘ओळख’ बदलते. भरतीसाठी ही चाचणी वापरू नये असं तिचे प्रकाशकच सांगतात. मग ती वापरून संघातली कामं वाटणाऱ्यांनी थोडं थांबायला हवं. बलस्थानं शोधणाऱ्या क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स या चाचणीची मांडणी बरी आहे: विधानांच्या १७७ जोड्या, प्रत्येक जोडीला २० सेकंद आणि ३४ पैकी पहिली ५ बलस्थानं. पण स्वस्तातल्या अहवालात ही पाचच दिसतात. यादीच्या तळाशी काय आहे हे कळण्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात, आणि आत्मपरीक्षणाला तळ जास्त उपयोगी.

पैसे न देता मिळणारी आयपीआयपी-निओ-१२० ही व्यक्तिमत्त्व चाचणी या दोन्हींपेक्षा सरस वाटते. १२० विधानं, पाच मुख्य गुण आणि त्यांचे ३० उपगुण, प्रत्येक उपगुणाला ४ विधानं. ती प्रकार ठरवत नाही, पट्टीवर जागा दाखवते. वापरायची पद्धत अशी: निकाल उघडण्याआधी पाचही गुणांवर आपला अंदाज लिहून ठेवायचा, मग ताडून बघायचं. जिथे अंदाज आणि निकाल फार लांब आहेत, तेवढेच दोन-तीन उपगुण कामाचे. बाकीचा अहवाल वाचला नाही तरी चालेल. एक मर्यादा मात्र राहते. उत्तरं आपणच देतो, त्यामुळे चाचणी आपल्याला आपलंच मत नीट घडी घालून परत देते.

छापील डायऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कागद छान, बांधणी छान, दररोज तेच तीन प्रश्न. तिसऱ्या आठवड्यापासून उत्तरंही तीच येऊ लागतात. घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बघून घ्या. पानांवर छापील तारीख नको, नाहीतर चार दिवस राहून गेले की डायरी कायमची कपाटात जाते. पानांना क्रमांक हवेत. आणि जुन्या नोंदीशेजारी नंतर लिहायला रिकामा समास हवा. हा समास देणाऱ्या डायऱ्या विरळा.

मनावर ओझं असलेल्या प्रसंगाबद्दल लिहिणं हा मात्र वेगळा प्रकार आहे, तो रोजच्या डायरीत मिसळू नये. जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत सलग चार दिवस, दररोज साधारण १५ मिनिटं लिहायचं आणि मग थांबायचं, असं आहे. लिहून झाल्याबरोबर अनेकांचा मूड आधीपेक्षा उतरतो. हे अपेक्षितच आहे, म्हणून महत्त्वाच्या कामाच्या अगोदर ते करू नये. प्रसंग अगदी ताजा किंवा असह्य असेल तर वहीऐवजी समुपदेशक गाठावा.

ॲपमध्ये डेलिओसारखी पाच चेहऱ्यांची मूड-नोंद सोपी आहे, दहा सेकंदांत होते. पण दोन ठिकाणी फसगत होते. रात्री एकदाच नोंद केली तर त्या क्षणीचा मूड अख्ख्या दिवसाला लागतो. आठवण करून देणारी घंटा दिवसातून तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी लावली तर चित्र बरंच बदलतं. दुसरं म्हणजे आलेख. ‘चालायला गेलेल्या दिवशी मूड चांगला’ असं त्यात दिसतं, पण मूड चांगला होता म्हणून पाय बाहेर पडले असंही असू शकतं. खात्री करायची तर नाणं उडवून ठरवलेल्या दिवशी चालायचं आणि दोन आठवड्यांनी आकडे बघायचे. ‘सलग ४० दिवस’ अशी शाबासकी देणारी सोय बंद ठेवलेली बरी. तिच्यासाठी लोक पाट्या टाकतात, आणि खोट्या नोंदीपेक्षा कोरी जागा परवडली. ॲप निवडताना सगळ्या नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच दिवशी करून बघा.

आता ३६० अंशांचा फीडबॅक: वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे लोक आणि आपण स्वतः, अशा चारही बाजूंनी भरलेली प्रश्नावली. याची बाजू भक्कम आहे. सिमीन वझिरे यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की चिंता, आत्मसन्मान यांसारख्या आतल्या गोष्टी माणसाला स्वतःला जास्त नीट कळतात. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे तिथे खरं आहे. पण बुद्धिमत्ता, सर्जनशीलता अशा ज्या गुणांबद्दल आपल्याला चांगलं ठरायची हौस असते, तिथे मित्रांचा अंदाज आपल्यापेक्षा अचूक निघतो. म्हणजे आपल्या मनाचं हवामान स्वतःला विचारावं आणि आपण सभेत कसे बोलतो हे इतरांना विचारावं.

तरीही हे साधन उलटू शकतं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या अभ्यासांतून ६०७ परिणाम एकत्र केले. सरासरीने कामगिरी सुधारली होती, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ती घसरली होती. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे: फीडबॅक लक्ष कामावरून उचलून ‘मी कसा आहे’ याकडे नेतो, तेव्हा त्याचा उपयोग कमी होतो. ‘तुम्ही आक्रमक आहात’ हे वाक्य माणसाला बचावाच्या पवित्र्यात उभं करतं. ‘सोमवारच्या बैठकीत तुम्ही दोघांचं बोलणं अर्ध्यावर तोडलंत’ या वाक्यावर पुढच्या सोमवारी काहीतरी करता येतं.

सेवा घेणार असाल तर कंत्राटाआधी हे विचारा. प्रत्येक गटात किमान तीन जणांनी उत्तर दिल्याशिवाय त्या गटाचे गुण दाखवले जात नाहीत ना? (दोनच असले तर कुणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं.) सरासरीबरोबर गुणांचा विस्तार दिसतो का? चार जणांनी ३ दिले आणि दोघांनी १ व दोघांनी ५ दिले, तर सरासरी दोन्हीकडे ३ च येते, अर्थ मात्र पार निराळा. आणि निकाल पगारवाढीला जोडला जाणार का? जोडला जाणार असेल तर पैसे वाचवा. तिथे सगळे एकमेकांना सांभाळून घेतात किंवा हिशेब चुकते करतात. जी प्रश्नावली ‘नेतृत्वगुण’ अशा गुळमुळीत शब्दावर गुण मागते, तिच्याऐवजी तीन प्रश्न पुरतात: या व्यक्तीने काय चालू ठेवावं, काय बंद करावं, काय सुरू करावं, आणि प्रत्येकासोबत गेल्या तीन महिन्यांतला एक प्रसंग. अहवाल उघडण्याआधी आपण स्वतःला किती गुण दिलेत आणि इतरांकडून किती मिळतील असं वाटतं, हे दोन्ही लिहून ठेवा. शिकायचं ते हे आकडे आणि अहवालातले प्रत्यक्ष गुण यांच्यातल्या फरकात असतं.

या सगळ्यांपुढे साधी रेघांची वही जिंकते, पण ती कशी वापरायची हे ठरवून घेतलं तरच. तिला ‘निर्णयवही’ म्हणू. एका नोंदीला पाच-सात मिनिटं लागतात. वर तारीख. मग निर्णय एका वाक्यात. नाकारलेला सर्वांत जवळचा पर्याय आणि तो का नाकारला. मग अंदाज, तोही असा की नंतर कुणीही तिऱ्हाईत वाचून ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं सांगू शकेल. ‘अहवाल लवकर होईल’ हा अंदाज नव्हे. ‘अहवाल १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पाठवलेला असेल, खात्री ७० टक्के’ हा अंदाज. शेवटी त्या वेळची अवस्था (झोप किती, घाई होती का, राग होता का) आणि ही नोंद पुन्हा कधी उघडायची ती तारीख. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असं समजू नये. उजवं पान कोरं ठेवायचं, पडताळा तिथे येतो.

वीस-पंचवीस नोंदी झाल्या की हिशेब करता येतो. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी मांडलेलं सूत्र इथे साध्या रूपात चालतं. गोष्ट घडली तर १ आणि न घडली तर ० धरा, त्यातून आपली खात्री वजा करा आणि वर्ग करा. ७० टक्के खात्री होती आणि घडलं, तर ०.३ चा वर्ग ०.०९. नाही घडलं तर ०.७ चा वर्ग ०.४९. सगळ्यांची सरासरी काढा, जितकी कमी तितकं चांगलं. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याहून जास्त आली तर खात्री आणि वास्तव यांची फारकत झाली आहे. याहून सोपा पडताळा: ‘८० टक्के’ लिहिलेल्या २० अंदाजांपैकी १६ च्या आसपास खरे ठरायला हवेत. ११ च ठरले तर पुढच्या वेळी ८० लिहिताना हात थबकेल. कामगिरीत फरक पडायला सुरुवात होते ती इथून.

वेळेच्या अंदाजात तर हा फरक हमखास दिसतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा, ‘सगळंच बिघडलं तर’ सुमारे ४९ दिवसांचा आणि प्रत्यक्षात लागले ते सुमारे ५५ दिवस. वहीत अशा दहा नोंदी जमल्या की लागलेले दिवस भागिले अंदाजाचे दिवस, एवढा एक गुणक काढा आणि पुढच्या अंदाजाला तो लावा. कितीही प्रामाणिकपणे पुन्हा विचार केला तरी त्याने एवढं साधत नाही.

वही फसते तीही ठरलेल्या जागी. फक्त मोठे निर्णय लिहिले तर वर्षाला चार नोंदी होतात, त्यांतून काही कळत नाही. आठवड्याला दोन-तीन, साध्या कामांच्याही हव्यात. निकाल चांगला म्हणजे निर्णय चांगला, असा ताळा करू नये. उजव्या पानावर निकालाशेजारी ‘त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर हाच निर्णय पुन्हा घेतला असता का?’ याचं उत्तर वेगळं लिहावं. नोंदी शाईने कराव्यात आणि खोडू नयेत. कुणी वाचेल अशी धास्ती असेल तर वही कुलपात ठेवा, कारण वाचकासाठी लिहिलेली वही खोटं बोलते.

सगळ्यात मोठा धोका चघळत बसण्याचा. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये कुतूहलाने केलेलं चिंतन आणि भीतीपोटी तेच तेच उगाळणं यांना वेगळं मोजणारी प्रश्नावली तयार केली. दोन्हींत माणूस स्वतःचाच विचार करत असतो, फळं वेगळी. ‘मी असा का?’ असा प्रश्न लागोपाठ तिसऱ्या नोंदीत आला तर पान बंद करा. त्या जागी ‘काय घडलं, मी काय केलं, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करेन’ एवढंच लिहा, दहा मिनिटांची घंटा लावून. स्वतःबद्दल ‘मी’ऐवजी नाव घेऊन लिहिलं तरी थोडं अंतर पडतं. पहिल्यांदा हास्यास्पद वाटतं, पण चालतं.

संघासाठी हीच पद्धत काम संपल्याबरोबर तोंडी घेता येते: काय ठरलं होतं, काय घडलं, फरक का पडला, पुढे काय. स्कॉट टॅननबॉम आणि क्रिस्टोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये ४६ नमुने एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की नीट घेतलेल्या अशा बैठकींनी कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारते, आणि बैठक साधारण १८ मिनिटांची असते. वरिष्ठाने सगळ्यात शेवटी बोलावं. तो आधी बोलला की उरलेली मिनिटं माना डोलावण्यात जातात.

वही २०० पानी, शिवलेल्या बांधणीची घ्या. स्पायरलची पानं फाडणं फार सोपं असतं, आणि पहिली फाडली जाते ती चुकलेल्या अंदाजाचीच.