अलार्म पॅनलची वायरिंग-पॉवर नीट करून घेतली, इतवारीतल्या दुकानाचा अनुभव

आधीच सांगते, काम एक नंबर झालं आहे, आणि ज्यांच्या दुकानात जुनं अलार्म पॅनल आहे त्यांनी नवीन घ्यायच्या आधी हे वाचाच.

नागपूरच्या इतवारीत आमचं कापडाचं दुकान आहे, मागे लांबलचक गोडाऊन. आठ झोनचं (झोन म्हणजे सेन्सरची एकेक वेगळी लाईन) वायरवालं पॅनल काही वर्षांपासून लागलेलं होतं. त्रास असा की सुटीनंतर दुकान उघडलं की कीपॅड बंद, पॅनल मेलेलं, आणि मधेच कधीतरी सायरन वाजला तरी गोडाऊनमागच्या गल्लीत ऐकूच येत नाही. आधी ज्यांनी बसवलं होतं त्यांचं एकच उत्तर, पॅनल गेलं, नवीन टाका. मग ओळखीतून सीताबर्डीचा एक टेक्निशियन मिळाला, हा रिव्ह्यू त्याच्या कामाचा आहे.

त्यानं आल्यावर पॅनलचा डब्बा उघडायच्या आधी बाबांना विचारलं, "काका, रात्री दुकान बंद करताना मेन पाडता का?" बाबा म्हणाले, "हो ना, शॉर्ट सर्किट झालं म्हणजे? अख्खी लाईन कापडाची आहे." तिथंच अर्धा रोग सापडला. मेन पाडला की पॅनलला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर बंद, पॅनल रात्रभर बॅटरीवर. त्यानं मीटर लावून लोड मोजला तर पॅनल, कीपॅड, पीआयआर सेन्सर (माणसाची हालचाल ओळखणारे) आणि जीएसएम डायलर (अलार्म झाला की मोबाईलवर फोन लावणारा) मिळून साधारण 350 मिलीअँपिअर खेचत होते. बॅटरी 12 व्होल्ट 7 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप). त्या 7 एएचचा हिशोबच मुळात 20 तासांत हळूहळू रिकामी करायचा असतो, म्हणजे 350 मिलीअँपिअरला नवी कोरी बॅटरी 20 तास, जुनी त्याच्याही खाली. आता शनिवारी रात्री बंद केलेलं दुकान सोमवारी सकाळी उघडलं तर होतात 36 तास! चोराला यायचं असेल तर तो सुटीच्याच रात्री येईल ना, आणि नेमकं तेव्हाच पॅनल झोपलेलं. वरून रोज रात्री बॅटरी अशी खाली उतरली की ती लवकर मरते ते वेगळंच, ह्या सील्ड बॅटऱ्या भरून उभ्या राहण्यासाठी असतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीसारख्या रोज वापरायला नाहीत.

उपाय काय केला तर डीबीमध्ये (मेन स्विचच्या बोर्डात) पॅनलसाठी वेगळी एमसीबी, म्हणजे त्या लाईनचा वेगळा सेफ्टी स्विच, टाकली, त्यावर लाल पट्टी लावली, आणि बाबांना दाखवलं की मेन चालू ठेवायचा, बाकीच्या एमसीबी एकेक करून खाली करायच्या. दिवे, पंखे, एसी सगळं मेलेलं, फक्त पॅनलची लाईन जिवंत. बाबांची आगीची काळजीही मिटली, हे मला फार आवडलं कारण त्यानं त्यांची भीती उडवून नाही लावली.

मग बॅटरी. जुनी बॅटरी नुसती मोजली तर 12.6 व्होल्ट, म्हणजे मीटरवर एकदम ठणठणीत. त्यानं लाईट बंद करून सायरन चालू केला आणि मला म्हणाला, "ताई, आता आकड्याकडे पाहा." मी पाहते तर काय, आकडा 11 वर, मग 10, मग सरळ 9 च्या खाली आणि कीपॅडचा लाईट गेला. नवीन लावून तीच टेस्ट केली तर 12 च्या वरच टिकून. त्यामुळे कोणी नुसतं मीटर लावून बॅटरी ओके म्हणत असेल तर ऐकू नका, लोडवर दाखव म्हणा. नवीन बॅटरी हजार-बाराशेत येते. चार्जिंगही तपासलं, 13.7 व्होल्ट, म्हणजे बोर्ड चांगलाच होता आणि आम्ही उगाच नवीन पॅनल घेणार होतो!

डब्बा आधी टिनाच्या छताखाली माळ्यावर होता, तो खाली भिंतीवर आणला. नागपूरचा मे महिना माहीतच आहे, बाहेर 45 आणि टिनाखाली त्याहून जास्त, आणि ह्या बॅटरीचं आयुष्य 25 डिग्रीच्या वर दर 10 डिग्रीला जवळपास अर्धं होते.

सायरनचा घोळ वायरचा निघाला. सेन्सरची बारीक वायरच 35 मीटर ओढून सायरनला दिली होती. सायरन अँपिअरभर करंट घेते, जाऊन-येऊन 70 मीटर तांबं, त्यात पाच-सहा व्होल्ट वाटेतच जात होते. 1 स्क्वेअर एमएमची वायर टाकल्यावर व्होल्टभराचाच फरक राहिला, आता सायरन मागच्या गल्लीत कानठळ्या बसवते.

अजून एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही म्हणून कोणी करत नाही. झोनचे एंड ऑफ लाईन रेझिस्टर (लाईनच्या टोकाला लावायचा छोटा पार्ट, त्यावरून पॅनलला वायर शाबूत आहे हे कळते) आधीवाल्यानं सगळे डब्ब्यातच पिळून ठेवले होते. तसं केलं की मधेच कोणी वायरचे दोन्ही तार जोडले तर पॅनलला सगळं ठीकच दिसते. रेझिस्टर टोकाला, सेन्सरच्या आत पाहिजे. ह्यानं प्रत्येक सेन्सर उघडून तिथं लावले, शटरच्या मॅग्नेटला पण, आणि मग एकेक वायर शॉर्ट करून अलार्म येते का हे आम्हाला दाखवलं. वेळखाऊ काम आहे, पण घाई नाही केली. अर्थिंगची वायरही लटकत होती ती जोडली, पावसाळ्याआधीच्या विजांच्या दिवसांत त्याची गरज पडते.

तक्रार म्हणाल तर दोन. दिलेल्या वेळेला आला नाही, सकाळचं सांगून दुपारी उगवला. आणि कोणती वायर कोणत्या झोनची ह्याचा कागद मागितल्याशिवाय दिला नाही, नंतर मात्र नीट लिहून डब्ब्याच्या झाकणाच्या आत चिकटवला आणि बॅटरीवर तारीखही टाकली. मजुरी त्याची थोडी जास्त वाटली, पण नवीन पॅनलच्या कोटेशनच्या मानानं खूपच कमी. पाचपैकी साडेचार. तुम्ही बोलावलं तर वायरिंगचा कागद आधीच ठरवून घ्या आणि पूर्ण दिवस मोकळा ठेवा.