पिळून गाळायचा पाण्याचा फिल्टर: दोन पावसाळे, पन्हाळा ते पावनखिंड

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानातून मी प्रवासात वापरायचा पाण्याचा फिल्टर घेतला. अडीच हजार रुपये पडले. टॉर्चएवढी नळी, सोबत एक लवचीक पिशवी आणि सुई नसलेली मोठी सिरिंज, एवढंच सामान. पिशवीत ओढ्याचं पाणी भरायचं, तोंडाला नळी फिरवून बसवायची आणि पिशवी पिळायची. दुसऱ्या टोकाने गाळलेलं पाणी बाटलीत पडतं. वीज लागत नाही, वजन जाणवत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घडणीचे फिल्टर बऱ्याच कंपन्या विकतात आणि मी जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांना लागू आहे.

मी कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवते. दर आषाढात माजी विद्यार्थ्यांना घेऊन पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जाते. १६६० च्या जुलैत महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले, तीच ही वाट. गडाच्या राजदिंडी या वाटेने उतरायचं, मग मसाई पठार, खोतवाडी, करपेवाडी, पांढरपाणी आणि शेवटी खिंड. दोन दिवस जातात. पूर्वी आम्ही बाटलीबंद पाणी घेऊन निघायचो. चौदा माणसं, माणशी दिवसाला तीन लिटर, म्हणजे दोन दिवसांच्या ८४ बाटल्या. त्या दिवसांत या वाटेवर आमच्यासारखे कितीतरी जथे असतात. एका वर्षी परतताना करपेवाडीच्या अलीकडच्या एकाच ओढ्यातून आम्ही दोन पोती बाटल्या काढल्या. झाडांच्या मुळांत अडकलेल्या, गाळाने भरलेल्या. तिकडचे बरेचसे ओढे कासारी नदीला मिळतात आणि कासारी पंचगंगेला. ती पोती खांद्यावर घेऊन चालताना ठरवलं, पुढच्या वर्षी एकही बाटली विकत घ्यायची नाही. त्यासाठी हा फिल्टर.

आधी चांगलं काय ते. पाण्याची चव बदलत नाही. घरी नळाच्या पाण्यावर घड्याळ लावून बघितलं, तेव्हा लिटरभर पाणी दीड मिनिटात निघालं. आतमध्ये शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. त्या नळ्यांच्या भिंतींना जी छिद्रं असतात ती ०.१ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिवाणू साधारण अर्धा ते दोन मायक्रॉन असतात, जिआर्डियासारख्या परजीवींच्या गाठी आठ-दहा मायक्रॉनच्या. म्हणजे हगवण, पटकी, विषमज्वर यांचे जिवाणू आणि पोटातले परजीवी त्या भिंतीच्या अलीकडेच अडकतात. पाणी ढवळून बघणाऱ्या, वास घेऊन ‘चांगलं आहे की’ म्हणणाऱ्या माझ्या पोरांच्या हातात अशी वस्तू असणं ही मोठी गोष्ट आहे.

आता पठारावर काय झालं ते. आषाढात मसाई पठारावरून वाहणारं पाणी तांबडं असतं, जांभ्याची माती घेऊनच ते उतरतं. पहिल्या पिशवीला लिटरमागे दोन मिनिटं लागली, तिसऱ्या पिशवीला पाच. चौदा माणसांना एकेक लिटर द्यायचं तर तासाच्या वर गेला असता, तोही भर पावसात उभं राहून. एका मुलाने जोर लावून पिशवी पिळली आणि ती शिवणीजवळ उसवली. नशिबाने दुसरी पिशवी होती. दुकानात मला ‘पूर्ण ग्रुपला एक पुरतो’ असं सांगितलं होतं. पुरत नाही. चार माणसांमागे एक, हा माझा हिशेब.

दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे पिळणं बंद. मोठी पिशवी झाडाला टांगायची, खाली नळी, त्याखाली बाटली, आणि जेवण होईपर्यंत तिकडे बघायचं नाही. पाणी आपल्या वजनाने उतरतं आणि पिशवीवर ताण येत नाही. दुसरी गोष्ट आईच्या जुन्या सुती नऊवारीचा तुकडा. आठ घड्या घालून पिशवीच्या तोंडावर धरायचा आणि त्यातून पाणी ओतायचं. आमच्याकडे हंड्याला फडकं बांधतातच, पण त्यात किती शहाणपण आहे ते मला वर्गात शिकवतानाच नीट कळलं. बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांमधून बायकांना जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला सांगितलं, आणि २००३ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. पटकीचे जिवाणू पाण्यातल्या बारीक प्लवकांना चिकटून असतात आणि प्लवक कापडात अडकतात. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सूत पिंजारतं आणि छिद्रं लहान होतात. पठारावर त्या तुकड्याने माझ्या फिल्टरचं आयुष्य वाढवलं, कारण माती कापडावरच राहिली. गाळलेल्या पाण्याला तेव्हा लिटरमागे दोन-सव्वादोन मिनिटंच लागत होती.

इथपर्यंत वाचून कुणी फिल्टर घ्यायला निघालं असेल तर जरा थांबावं. मी हे लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीसाठी.

दुकानातल्या मुलाने मला सांगितलं होतं, ‘मॅडम, ९९.९९ टक्के शुद्ध, कुठलंही पाणी प्या.’ घरी येऊन पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. तिथे जिवाणू होते, परजीवी होते. विषाणूंचं नाव कुठेच नव्हतं. ते असणारही नाही. काविळीचे अ आणि ई हे विषाणू साधारण ३० नॅनोमीटरचे. फिल्टरचं छिद्र ०.१ मायक्रॉनचं, म्हणजे १०० नॅनोमीटरचं. रव्याच्या चाळणीतून मैदा जातो तसे ते आरपार जातात.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. हिपॅटायटिस ई. पाण्यातून पसरलेली. माझी आतेबहीण तिथे दिलेली, यंत्रमागाच्या खडखडाटात त्यांचं घर, आणि ती तेव्हा सात महिन्यांची गरोदर. या विषाणूची कावीळ इतरांना बहुतेक वेळा अंथरुणाला खिळवून सोडून देते, पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतते. डोळे पिवळे दिसले त्या दिवसापासून ती घरी येईपर्यंतचे एकोणीस दिवस आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. बहीण वाचली, मूलही वाचलं. त्याच वॉर्डातल्या दोघींचं तसं झालं नाही. तेव्हा त्या घरात पाणी गाळून, फडक्यातून घेऊनच पीत होते. दिसायला स्वच्छ होतं ते.

म्हणून दुकानात ‘कुठलंही पाणी प्या’ असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही. गावाच्या वरच्या अंगाला, जिथे वस्ती नाही, अशा झऱ्याला फिल्टर एकटा चालेल. वस्तीच्या खालच्या ओढ्याला, विहिरीला, हातपंपाला तो एकटा चालणार नाही. तिथे गाळून झाल्यावर क्लोरीन हवं. औषधाच्या दुकानात पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची पट्टी मिळते. एका गोळीला किती लिटर ते पट्टीवर छापलेलं असतं आणि गोळीगणिक ते वेगळं असतं, म्हणून वाचूनच टाकावी. खेड्यात आशाताई मेडिक्लोरची, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाची, बाटली देतात, तेही तेच काम करतं. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास पोरं चुकवायला बघतात, तिथे माझी करडी नजर असते. आणि क्रम उलटा करायचा नाही. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन मातीशीच संपून जातं. काही परजीवी असे चिवट की क्लोरीनला दाद देत नाहीत, ते फिल्टर अडवतो. फिल्टरमधून सुटतात ते विषाणू क्लोरीन मारतं. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. सोबत कुणी गरोदर असेल तर मात्र उकळलेलंच पाणी. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे.

मग सगळ्यांनाच उकळून का देत नाही, असं मला विचारतात. करपेवाडीला आम्ही ज्यांच्या पडवीत मुक्काम करतो त्या मावशींनी पहिल्याच वर्षी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. त्यांना फिल्टर दाखवला तर म्हणाल्या, ‘आवं बाई, आमी जल्मभर ह्येच पितोय, काय हुतंय?’ आणि तरी आमच्यासाठी पातेलं चढवलंच. चौदा माणसांचं पाणी उकळायला किती जळण गेलं ते मी बघत होते. ती मोळी त्यांनी वैशाखात डोक्यावरून आणून माळ्यावर रचलेली, पावसाळाभर पुरवायची. आम्ही एका रात्रीत तिचा चांगलाच भाग जाळला. पैसे दिले, पण पैशाने आषाढात वाळलेलं लाकूड मिळत नाही. तेव्हापासून तिथे चूल फक्त भाकरी-पिठल्यासाठी पेटते. पाणी आमचं आम्ही करतो, आणि निघताना गोळ्यांची एक पट्टी आणि कशी वापरायची ते सांगून येतो. मावशी आता नातवंडांच्या पाण्यात टाकतात. वासाची तक्रार आहे. झाकण उघडं ठेवून थोडा वेळ ठेवलं की वास कमी होतो.

हाताळणीत एक चूक सगळ्यांकडून होते, माझ्याकडूनही झाली. कच्च्या पाण्याची पिशवी ओलीच असते. नळी जोडताना तिच्या तोंडावरचा थेंब घरंगळून थेट गाळलेल्या बाटलीत पडतो. मग गाळण्याला अर्थ उरला नाही. आता कच्च्या पिशवीला लाल नाडी बांधली आहे, आणि ती पिशवी एकाच मुलीच्या ताब्यात असते. ‘मॅडम, मी भरून आणतो, तुम्ही बाटलीला हात लावू नका,’ असं ती मलाच बजावते आणि ते बरोबर आहे.

पहिल्या वर्षी घरी आल्यावर मी फिल्टर तसाच ओला प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकला. पाच महिन्यांनी काढला तर बुरशीचा वास आणि पाणी थेंबथेंब. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून, सिरिंजने उलट्या बाजूने आठ-दहा वेळा स्वच्छ पाणी मारलं तेव्हा धार सुरू झाली. उलटं धुणं हे या वस्तूचं खरं औषध आहे. प्रवासात रोज रात्री एकदा, आणि घरी आल्यावर धार मोकळी होईपर्यंत. शेवटी क्लोरीनचं पाणी फिरवायचं आणि नीट वाळवून ठेवायचा. सिरिंज फालतू समजून घरी ठेवू नका.

माझा भाचा हा फिल्टर हिमाचलला घेऊन गेला होता. रात्री तंबूबाहेर राहिला, सकाळी आत बर्फ. फोन करून म्हणाला, मावशी, वितळल्यावर चाललाय नीट. मी त्याला तो तिथेच बाजूला ठेवायला सांगितला. पाणी गोठताना फुगतं, आतल्या नळ्या तडकतात आणि तडा बाहेरून दिसत नाही. पाणी उलट जास्त जोरात येतं, म्हणून माणूस खूश होतो. थंडीच्या प्रदेशात एकदा वापरलेला फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत अंगाशी घेऊन झोपायचा. हे पाकिटावर असतं, दुकानात कुणी सांगत नाही. माझ्याकडे आहे तो त्यानंतर घेतलेला दुसरा.

कोल्हापूरकरांसाठी एक वेगळी गोष्ट. हा फिल्टर पंचगंगेच्या पाण्यासाठी नाही. पाण्यात विरघळलेलं रसायन, कारखान्याचं सांडपाणी, उसाच्या रानातून वाहून आलेलं खत आणि तणनाशक यातलं काहीही तो अडवत नाही, क्लोरीन नाही आणि उकळणंही नाही. उसाच्या सरीतून निघणाऱ्या ओहोळाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी मी घेत नाही. २०१९ च्या महापुरात शहराभोवती समुद्रासारखं पाणी होतं आणि नळाला आठवडाभर थेंब नव्हता, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. पुराच्या पाण्यात डिझेलपासून गटारापर्यंत सगळं असतं. तेव्हा हा फिल्टर असता तरी ते पाणी मी त्यातून काढलं नसतं. टँकरचं पाणी मात्र त्यातून काढून, गोळी टाकून निर्धास्त प्यायले असते. म्हणून आता तो पावसाळाभर कपाटात गोळ्यांच्या पट्टीशेजारी ठेवलेला असतो, ट्रेक असो नसो.

पाचापैकी द्यायचे तर मी वस्तूला चार गुण देईन, आणि ती जशी सांगून विकली जाते त्याला एक. पिशव्या तकलादू आहेत, आणखी दोन घेऊन ठेवा. वीस रुपयांची एक बाटली धरली तर आमच्या जथ्याचे अडीच हजार दुसऱ्या फेरीतच वसूल झाले. गेल्या आषाढात आम्ही पांढरपाण्याला पोचलो तेव्हा चौदा जणांत विकतची एकही बाटली नव्हती. करपेवाडीच्या ओढ्यातून या वेळी एक पोतं निघालं, ते दुसऱ्यांचं.

यंदा सोळा जण आहोत. चार फिल्टर लागतील, तीन जमले आहेत. नऊवारीचे तुकडे कापून, उकळून, वाळवून ठेवलेत.