जिप्सीच्या चेसिसवर डिझेल इंजिनाचा मिनी ट्रक : वाळूजच्या एका वर्कशॉपचा अनुभव

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेवर आमची सीताफळाची बाग आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; मात्र ते फळ डोंगरावरून खाली कसे आणायचे, हे ज्याचे त्यानेच पाहायचे असते. बागेपासून शेडपर्यंतची वाट दीड किलोमीटरची असून वरचा अर्धा भाग सुट्या मुरमाचा आणि उघड्या खडकाचा आहे. मध्ये एक ओढा आहे आणि ओढा ओलांडला की दोनशे पावले काळी माती. तोडणी नेमकी परतीच्या पावसात येते. फळाचे डोळे उघडू लागले की थांबता येत नाही, तोडल्यावर ते तीन-चार दिवसांत मऊ पडते, आणि वाटेत ज्याला ठेच लागली ते त्याहून आधी काळे पडते.

या वाटेवर आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली वापरून पाहिली. तिच्या हिसक्यांनी खालच्या थरातली फळे हमखास फुटत. घरचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, हाही नेऊन पाहिला. २००५ साली बाजारात आलेल्या त्या गाडीचे ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन १६ अश्वशक्तीचे, चाके बारा इंची आणि ओढ फक्त मागच्या चाकांना. ती रस्त्यासाठी बनलेली गाडी आहे आणि तिने डोंगर चढावा ही अपेक्षाच चुकीची होती. तेव्हा चारही चाकांना ओढ असलेला, पाचशे किलो म्हणजे वीस किलोची पंचवीस कॅरेट वाहणारा आणि पाट्यांवर (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांवर) हलका चालणारा छोटा ट्रक बनवून घ्यावा, असे ठरवले. जुनी मारुती जिप्सी मिळाली; तिच्या नोंदणीची मुदत संपलेली होती आणि पेट्रोल इंजिन धूर ओकत होते. ते काढून तिथे स्विफ्टचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन बसवायचे, मागचे अंग कापून तिथे भंगारातल्या छोट्या हत्तीचा हौदा चढवायचा, असे काम छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका वर्कशॉपला दिले. त्या वर्कशॉपबद्दल लिहितो आहे; काम जितके चांगले तितकेच ते काही ठिकाणी ढिसाळही होते, म्हणून नाव मात्र देत नाही.

वाळूज का, याचे कारण आधी सांगितले पाहिजे. बीड, अंबाजोगाई, लातूर इथे जीप आणि पिकअप दुरुस्त करणारे उत्तम मिस्त्री आहेत, पण या कामात दुरुस्तीपेक्षा खराद कामाचा, म्हणजे लेथवर माप धरून भाग कातण्याचा, भाग मोठा असतो. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला आला आणि त्याच्या सुट्या भागांच्या निमित्ताने तिथे लहान-मोठ्या जॉबवर्कच्या शेडची रांग उभी राहिली. शतांश मिलिमीटरात माप धरणारा माणूस तिथे चहाच्या टपरीवरही भेटतो. माझ्या कामात हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडली.

स्विफ्टचे इंजिन मुळात गाडीत आडवे बसते आणि त्याच्या मागे स्वतःचा गिअर बॉक्स असतो. जिप्सीत ते उभे बसवायचे म्हणजे जिप्सीच्या गिअर बॉक्सशी जोडायचे, आणि दोन्हींच्या बेल हाउसिंगची (जोडाच्या जागी असलेल्या कवचाची) भोके एकमेकांशी जुळत नाहीत. मधे जाड पोलादाची अ‍ॅडॉप्टर प्लेट घालावी लागते. अनेक ठिकाणी ही प्लेट पुठ्ठ्यावर भोके उमटवून गॅस कटरने कापतात. ती बसते, गाडी चालतेही, पण क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य केसभर जरी सरकला, तरी काही महिन्यांत पायलट बेअरिंग आणि क्लच प्लेटचे हब खलास होते. या वर्कशॉपने प्लेट शेजारच्या शेडमधून व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कापून आणली, बसवल्यावर फ्लायव्हीलला डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवले आणि काटा जिथे हलला तिथे गाइड पिन काढून पुन्हा बसवल्या. हे त्यांनी माझ्यादेखत तीन वेळा केले. लेथवर बसणारे वयस्कर चाचा काटा स्थिर होईपर्यंत कुणाशी बोलत नव्हते. क्लच प्लेटही जोडून बनवलेली आहे : हब जिप्सीच्या इनपुट शाफ्टच्या दात्यांचे आणि बाहेरची प्लेट स्विफ्टच्या प्रेशर प्लेटच्या मापाची. दोन तोडणीचे हंगाम झाले, क्लच अजून मूळचाच आहे.

तितकेच काळजीचे काम संपचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे होते. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल हा एकसंध दांडा असून तो पाट्यांसह वर-खाली होतो, त्यामुळे इंजिनाच्या ऑइल संपखाली जागा सोडावी लागते. उभ्या गाडीत अंतर भरपूर दिसते आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात अ‍ॅक्सल संपला जाऊन धडकतो. इथल्या मिस्त्रींनी पाटे जॅकने पूर्ण दाबून, रबरी गोटे टेकतील इतका अ‍ॅक्सल वर आणला, मग अंतर मोजले आणि त्यानंतरच संप कापायला घेतला. समोरच्या बाजूने उथळ केलेला संप मागे रुंद करून तेलाची क्षमता त्यांनी राखली आणि वेल्डिंगची शिवण रॉकेल ओतून रात्रभर तपासली. ज्याला हे काम करून घ्यायचे आहे त्याने वर्कशॉप निवडताना फक्त एवढाच प्रश्न विचारावा, की संपचे अंतर तुम्ही कसे मोजता.

इंजिन ७५ अश्वशक्तीचे असून त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ, २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर आहे. जिप्सीच्या मूळ पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १०३ होता. म्हणजे गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस (ओढ चारही चाकांना वाटणारी आणि लो रेंजला गाडी संथ पण जोरात चालवणारी पेटी) आणि अ‍ॅक्सल यांच्यावर येणारा पीळ जवळजवळ दुप्पट झाला, आणि हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअर बॉक्सला चिकटलेली नसते. मधे एक आखूड शाफ्ट असतो. “लो रेंजला पहिल्या गिअरमध्ये झटका दिला तर सगळ्यात आधी हाच शाफ्ट बोलेल,” असे चाचांनी बजावले होते. माझ्या पुतण्याने दोन महिन्यांत चिखलातून गाडी काढताना तसाच झटका दिला आणि त्या शाफ्टचा जॉइंट क्रॉस तुटला. दोष वर्कशॉपचा नाही. नवा क्रॉस धारूरलाच बसला.

मागच्या डिफरन्शियलला (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांना) वेल्डिंग करून दोन्ही चाके कायमची एकत्र बांधून घ्यावीत, असे मी सुचवले होते, कारण खडकावर तिरक्या समोरासमोरची दोन चाके, एक पुढचे आणि एक मागचे, उचलली गेली की साध्या डिफरन्शियलच्या गाडीची तीच चाके नुसती फिरतात आणि गाडी जागीच राहते. त्यांनी नकार दिला. वळणावर दोन्ही मागची चाके सारखीच फिरली तर एक चाक घसटत जाते आणि अ‍ॅक्सल शाफ्टवर ताण येतो. भरलेल्या हौद्याखाली तो शाफ्ट मोडण्याची शक्यता मोठी. पैसे मिळत असताना काम नाकारणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला आहे.

इथवर कौतुक. वायरिंगबाबत मात्र तक्रार आहे आणि ती किरकोळ नाही. कॉमन रेल, म्हणजे डिझेलची फवारणी संगणकाने ठरवणारे डिझेल इंजिन हे जुन्या जीपच्या इंजिनासारखे नसते, की डिझेल आणि हवा दिली आणि सुरू झाले. त्याला स्वतःचा ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि परक्या चावीने इंजिन सुरू होऊ न देणारा चावीतला इमोबिलायझर लागतो. एकाच गाडीतून हे सर्व एकत्र काढले नाही तर इंजिन फिरते पण पेट घेत नाही. माझ्या गाडीत इंजिन एका भंगार गाडीचे आणि ईसीयू दुसऱ्या गाडीचा निघाला, आणि ही गोष्ट मला इंजिन बसून झाल्यावर कळली. सहा आठवडे गाडी केवळ यासाठी उभी राहिली. पुढे चावी जुळवणारा माणूस पुण्याहून बोलावला आणि त्याचे पैसे माझ्या बिलात धरले, जे मला मान्य नव्हते आणि आजही नाही. वायरांचा जुडगा इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्याला घासून नेला होता. ओढ्यातून गाडी दुसऱ्यांदा गेली आणि भर पाण्यात बंद पडली. ईसीयू सीटखाली ठेवला होता. ज्या गाडीला ओढा ओलांडायचा आहे, तिचा ईसीयू उंचावर ठेवावा हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. मी पुन्हा नेल्यावर त्यांनी तो डॅशबोर्डाच्या मागे उंच जागी हलवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, हेही नमूद करतो.

दुसरी चूक डिझेलच्या टाकीची. पेट्रोलची जुनी टाकी आतून गंजलेली होती. तीच धुऊन परतीच्या नळीसह वापरली. कॉमन रेलच्या इंजेक्टरला गंजाचा कणही चालत नाही. पहिल्या महिन्यात दोन फिल्टर चोंदले. शेवटी नवी टाकी आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर मी माझ्या खर्चाने अंबाजोगाईत बसवला. ब्रेकचे काम मात्र त्यांनी नीट केले होते : डिझेल इंजिनाच्या हवा आत घेणाऱ्या मार्गात ब्रेक बूस्टरला पुरेल असा निर्वात तयार होत नाही, त्यासाठी इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप बूस्टरला जोडावा लागतो, आणि ती नळी त्यांनी एकमार्गी व्हॉल्व्हसह जोडली आहे.

हौद्याच्या बाबतीत चूक निम्मी माझीही आहे. छोट्या हत्तीचा हौदा लांबीने सुमारे सात फूट असतो आणि तो जिप्सीवर तसाच चढवला, तर बराचसा भाग मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लोंबतो. मला कॅरेट जास्त बसावीत असे वाटत होते, त्यांनीही हो म्हटले. पहिल्याच भरलेल्या फेरीत उतारावर ओढा पार झाला, पण रिकामी कॅरेट घेऊन खडकाळ चढ चढताना पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग बोलेनासे झाले. त्यानंतर हौदा दीड फुटाने कापला, मागचा फाळका नव्याने जोडला आणि सगळे वजन दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये आले. पंचवीस कॅरेट अजूनही बसतात, फक्त दोन थर लावावे लागतात. कॅरेट बांधण्याच्या कड्या त्यांनी जालन्याच्या सळईतून वळवून दिल्या आहेत. दिसायला ओबडधोबड, पण एकही सरळ झालेली नाही.

आता प्रत्यक्ष चालण्याबद्दल. या इंजिनाचा टर्बो (जास्तीची हवा दाबणारा पंखा) २००० आरपीएमच्या आसपास जागा होतो आणि त्याखाली ते बरेच मंद असते. हाय रेंजमध्ये चढावर क्लच सोडला की गाडी बंद पडत असे, आणि पहिले आठ दिवस मला वाटत होते की पैसे वाया गेले. लो रेंज, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता, अशी सवय लागल्यावर तोच चढ गाडी बैलाच्या चालीने चढते. चढ चढवणारी खरी गोष्ट जिप्सीची ट्रान्सफर केस आहे. इंजिनाने ते काम कमी इंधनात आणि कमी आवाजात करून दिले, इतकेच. डिझेल इंजिनाच्या जास्तीच्या वजनाने पुढचे पाटे खचले होते, तिथे एकेक पान वाढवले. मागचे पाटे मुद्दाम मऊ ठेवले आहेत. ठेच लागून काळी पडणारी फळे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात, आणि माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचा हिशेब तिथेच जुळतो. काळ्या मातीत मात्र ओला पट्टा असेल तर जाड नक्षीचे टायरही भरून जातात आणि कोणतेही इंजिन उपयोगी पडत नाही. तिथे मी मुरूम टाकून घेतला.

कायद्याची बाजू न सांगता हे परीक्षण अपुरे राहील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेला तपशील नोंदणीपत्राशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. माझा ट्रक बाग ते शेड या माझ्याच गटातल्या वाटेवर चालतो, वाळूजहून तो दुसऱ्या ट्रकवर लादून आणला, आणि शेडपासून पुढे माल भाड्याच्या टेम्पोतून जातो. “पासिंगचे बघू नंतर” असे या धंद्यात सर्रास सांगितले जाते. माझ्या बाबतीत वर्कशॉपच्या मालकांनी तसे सांगितले नाही. पहिल्याच भेटीत, रस्त्यावर चालवायची असेल तर हे काम आम्ही घेणार नाही, असे स्पष्ट म्हटले.

खर्चाचा अंदाज त्यांनी गाडी आणि इंजिन सोडून एक लाख साठ हजारांचा दिला होता. शेवटचे बिल दोन लाख बारा हजारांचे झाले. तीन महिन्यांचे काम सात महिन्यांवर गेले आणि त्यामुळे एक हंगाम पूर्ण हुकला. बिल कागदावर होते, पण मजुरी आणि सामान वेगळे लिहिलेले नव्हते. मागितल्यावर दोन दिवसांनी दिले.

जुने, यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन कुणाला बसवायचे असेल, तर मी याच वर्कशॉपकडे डोळे झाकून जा असे सांगेन, कारण त्यात वायरिंगचा प्रश्न जवळजवळ उरत नाही आणि खराद कामात त्यांचा हात धरणारे कमी. ईसीयूचे इंजिन असेल, तर इंजिन, ईसीयू, चावी आणि पेडल एकाच गाडीचे आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच आगाऊ रक्कम द्यावी. सध्या माझ्या गाडीत रेडिएटरचा पंखा कधी कधी थंड इंजिनावरही फिरत राहतो. सेन्सरची वायर असावी असे ते म्हणतात. पुढच्या रविवारी त्यांचा माणूस धारूरला येणार आहे. एसटीचे भाडे मी द्यायचे, मजुरी त्यांनी सोडायची, असे फोनवर ठरले आहे.