सहा महिने प्रेमकथा बघितल्या, आता बिल आलंय

इंटरनेटचं बिल ६९९ ऐवजी ९९९ आलं म्हणून हे लिहायला बसले. आमच्या इंटरनेटवाल्यानं पॅकमध्ये तीन ओटीटी अ‍ॅप ‘सहा महिने फ्री’ म्हणून घालून दिली होती. सहा महिने संपल्यावर विचारतील, असं आपलं मला वाटलं. विचारत नाहीत. कस्टमर केअरच्या मुलानं अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि सांगितलं, मेसेज गेला होता मॅडम. गेला असेल. दिवसाला चाळीस मेसेज येतात, त्यातला हा कुठला?

तर प्रश्न असा, की महिन्याला ३०० रुपये या मालिकांवर घालायचे का? आणि मालिका रोमँटिकच का, तर सासूबाईंना मारामारी चालत नाही, ह्यांना भुतंखेतं चालत नाहीत आणि टीव्ही घरात एकच. माझी अट एवढीच, की मालिका संपलेली हवी. ‘होणार सून मी ह्या घरची’ २०१३ ते २०१६ रोज बघितलेली बाई आहे मी. जान्हवीचं बाळ कधी येतंय याची वाट बघण्यात काय काय करपलं ते माझ्या कढईला विचारा. पुन्हा तो धंदा नाही.

सुरुवात ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’नं केली. दक्षिण कोरियाची श्रीमंत पोरगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात पडते, हे आता कोणाला सांगायला नको. सोळा भाग, एकेक सव्वा तासाच्या आगेमागे, शेवटचा तर दोन तासांना टेकलेला. ह्यांनी लगेच हिशेब केला, की एवढ्या वेळात वरच्या टाकीचं गळणं काढून झालं असतं. (अजून गळतंय.) पण चौथ्या भागात ती बाजारात चुकते, अंधार पडतो, आणि नायक गर्दीत पेटती मेणबत्ती डोक्यावर उंच धरून उभा राहतो, तेव्हा हेही जेवायचे थांबले होते. आधी तिनं सुगंधी मेणबत्ती मागितलेली असते आणि या बाबानं साधी आणलेली असते. या वेळी बरोबर आणतो. सासूबाई म्हणाल्या, “तुझे सासरे लोडशेडिंगला देवापुढची समई उचलून आणायचे.” त्यातल्या नायक-नायिकेनं २०२२ मध्ये खरंच लग्न केलं, हे कळल्यावर तर त्यांनी मालिका पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितली.

आता माझी तक्रार. छोटी वाटेल, पण सहा महिने डोक्यात बसली आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांना सरसकट ‘यू’! नोकराला यू, आजीला यू, नवऱ्याला यू, शत्रूला यू. माझी मुलगी मोबाइलवर थोडं कोरियन शिकते. तिनं सांगितलं, की त्यांच्यातही आपल्यासारखं अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे. आदराचं ते जोन्देनमाल, सलगीचं ते बानमाल. नुसतं सर्वनाम नाही, क्रियापदाचं शेपूटच बदलतं. म्हणजे माणूस कुठल्या वाक्यापासून जवळचा झाला ते कोरियन बाईला ऐकू येतं, आणि मी इकडे पैसे भरून ‘यू’ वाचतेय!

‘होमटाउन चा-चा-चा’मध्ये तर अर्धी गंमतच यात आहे. सोलची दातांची डॉक्टर गोंगजिन नावाच्या समुद्राकाठच्या गावात दवाखाना टाकते. (गाव कथेतलं, शूटिंग पोहांगचं.) तिथला दू-शिक सगळी कामं करतो आणि अख्ख्या गावाशी, अगदी म्हाताऱ्याकोताऱ्यांशीही, अरे-तुरेत बोलतो. डॉक्टरीण पहिल्याच भेटीत भडकते. भडकली ते सबटायटलमध्ये दिसतं, झोंबलं किती ते पोचत नाही. आपल्याकडे नवा प्लंबर दारात येऊन “तुझा नळ दाखव” म्हणाला तर कसं होईल? तसं. हे मराठी सबटायटलमध्ये एका अक्षरात बसलं असतं. कोरियनचं इंग्रजी करून ते मराठी माणसाला वाचायला लावणं म्हणजे आमटी गाळून पाणी वाढण्यातला प्रकार. हे मी कस्टमर केअरच्या त्या मुलालाही सांगितलं. तो म्हणाला, फीडबॅक नोट केलाय.

बीबीसीची १९९५ ची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मात्र मुळात इंग्रजी असून मला घरची वाटली. सहाच भाग. त्यातली आई लग्नाला वीस-बावीस वर्षं होऊनही नवऱ्याला ‘मिस्टर बेनेट’ म्हणते. आमचं ‘अहो’ आणि हे काय वेगळं? सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण मुली उजवायची तिची घाई बघून त्यांनी या बाईला तत्काळ ओळखलं.

‘वन डे’ २०२४ ची. चौदा भाग, बहुतेक अर्ध्या तासाच्या आसपासचे, एकाच जोडीची १९८८ पासून दर वर्षीची १५ जुलै. कल्पना छान, भाग आटोपशीर. शेवटचे दोन-तीन भाग झोपायच्या आधी लावू नका. मी लावले.

इथवर लिहिलं तेव्हा निकाल ठरला होता, तिन्ही अ‍ॅप बंद करायची. नंतर आठवडाभर लेख पडून राहिला आणि मध्ये ‘आणि काय हवं’चा २०१९ चा पहिला सीझन पुन्हा बघितला. जुई आणि साकेत, म्हणजे प्रिया बापट आणि उमेश कामत, खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको. सहा छोटे भाग. खलनायक नाही, सासू नाही, ढँढँ म्युझिक नाही. दोघं एकमेकांना अरे-अगं करतात आणि कानाला कुठे खटकत नाही. माझा सगळा राग थोडा उतरला, कारण लक्षात आलं की इथे तू-तुम्हीचा प्रश्नच नाही, तरी जवळीक दिसते. म्हणजे दोष सबटायटलचाच होता असं नाही. मीच ‘अहो’त अडकलेली.

ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग म्हण की एकदा अरे.”
मी म्हटलं, “अहो, काहीतरीच काय!”
चोवीस वर्षांचं वळण, सोळा भागांत कसं मोडणार?

तेव्हा कोणी मला विचारलं काय बघू, तर माझं उत्तर आता बदललंय. घरात म्हातारं माणूस असेल आणि हिंदी डबिंग चालत असेल तर आधी ऑडिओची यादी उघडून बघा, मगच मालिका निवडा. हिंदीत निदान आप-तुम-तू तरी असतं. एकटीनं बघणार असाल तर सहा भागांचं काहीतरी घ्या. सोळा भागांचं लावायचं असेल तर परीक्षा, लग्नसराई आणि दिवाळीचा फराळ सोडून. पाचशे भागांचं फुकट मिळालं तरी नको.

दोन अ‍ॅप बंद केली. तिसऱ्यासाठी तो मुलगा म्हणाला, पुढच्या बिलापर्यंत चालू राहील, पैसे कापले गेलेत. बरं म्हटलं. सासूबाईंचे ‘चा-चा-चा’चे पाच भाग राहिलेत, बिल २८ तारखेला. आज २३. रोज एक, रात्री साडेआठला, भांडी नंतर.