दुसरी मॅच रायफल: दिवाळीपासून गणपतीपर्यंतचा अनुभव

दहा मीटर एअर रायफलसाठी दुसरी रायफल घ्यावी का, असं बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच जण विचारतात. माझी दुसरी रायफल गेल्या दिवाळीत आली. पावसाळा धरून आता इतका वापर झालाय की ठामपणे काही सांगता येईल. घ्यावी, पण पेटीतून काढून लगेच फायरिंग पॉइंटवर न्यायची आणि पहिलीसारखेच गुण पडतील असं समजायचं, यासाठी नाही. आपल्या अंगाला जिथे जिथे रायफल लागते, त्या सगळ्या जागा दोन्ही रायफलींत तंतोतंत एक व्हायला हव्यात. नळीला मात्र तिचं तिचं मागणं असतं, तिथे पहिलीची नक्कल करून चालत नाही. हे दोन्ही जमवायला मला पुष्कळ दिवस लागले आणि ते दिवस सार्थकी लागले.

गरज का पडली ते आधी सांगते. राज्य स्पर्धेच्या ऐन तोंडावर पहिल्या रायफलचं एक सील गेलं. हवा हळूहळू निसटायची, रात्री भरलेला सिलिंडर सकाळी अर्धा. ज्यांच्याकडून पार्ट मागवला त्यांनी आज देतो, उद्या देतो करत स्पर्धा उलटून जाऊ दिली. पूर्वी असं झालं तर क्लबची रायफल मिळायची. खरं आता ती सोय राहिली नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात) विश्वविजेत्या झाल्या तेव्हा आमच्याकडे चार मुली रेंजवर आल्या होत्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी ब्राँझ जिंकलं, आणि संध्याकाळची रेंज पोरांनी भरून गेली. फार चांगलं झालं. क्लबच्या रायफली त्या पोरांच्याच हातात असायला हव्यात, माझ्यासारख्या जुन्या खेळाडूने त्या अडवून ठेवू नयेत.

शिवाय आपलं बेळगाव सीमेवरचं. कोल्हापूर दोन तासांवर, बोली एक, रेंजवरची ओळखपाळखही तिकडचीच. पण खेळायचं कर्नाटककडून, म्हणजे राज्य स्पर्धेला रात्रभर गाडीत बसून बेंगळुरू गाठायचं. तिथे पोहोचल्यावर रायफल रुसली तर घरी येऊन दुसरी नेण्याचा प्रश्नच नाही. स्पर्धेत रायफल बिघडली तर पर्यायी रायफल वापरता येते, पण तीही इक्विपमेंट कंट्रोलमधून, म्हणजे साधनांच्या तपासणीतून, मान्य झालेली लागते. म्हणून दोन्ही बरोबर न्यायच्या आणि दोन्ही तपासून घ्यायच्या.

माझ्या रायफली कुठल्या कंपन्यांच्या ते इथे सांगत नाही. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, अनशुट्झ या चारही कंपन्यांच्या रायफली आपल्याकडच्या रेंजवर दिसतात आणि चारहींतून उत्तम गुण पडतात. माझी पहिली लाकडी स्टॉकची, दुसरी ॲल्युमिनियमची. किंमत दोन लाखांच्या पुढेच जाते. ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. मॅच रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ती चिंता नाही. ५० मीटरच्या पॉइंट टूटूचं (.२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलचं) प्रकरण निराळं, तिथे परवान्याशिवाय पुढे पाऊलच टाकता येत नाही.

आता मुख्य काम, बसवणं. बहुतेक जण पहिल्या रायफलच्या बट प्लेटवरचा (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि चीकपीसवरचा (गाल टेकायची जागा) आकडा बघतात आणि दुसरीवर तोच लावतात. दोन वेगळ्या रायफलींच्या पट्ट्यांचं शून्य एका जागी नसतं, त्यामुळे ते आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. मी टेप घेऊन मापं काढली. ट्रिगरच्या पात्यापासून बट प्लेटच्या खोबणीच्या मध्यापर्यंत किती, हे पहिलं माप. चीकपीसची उंची मात्र नळीपासून मोजायची नाही, डायोप्टर (डोळ्याजवळची मागची साइट) आणि फोरसाइट (नळीच्या टोकाची पुढची साइट) यांना जोडणाऱ्या रेषेपासून खाली मोजायची. माझ्या दोन्ही रायफलींवर साइटखालचे रायझर वेगळ्या उंचीचे आहेत. नळीपासून मोजलं असतं तर गाल बरोबर जागी टेकला असता आणि डोळा भलतीकडे गेला असता. बट प्लेटची उंचीही मी याच रेषेपासून धरली, कारण मान किती वाकते हे त्यावरच ठरतं. डाव्या तळव्यावर टेकणाऱ्या स्टॉकच्या पुढच्या भागाला तोच न्याय. कोपर कमरेच्या हाडावर टेकल्यावर तळवा आणि नजरेची रेषा यांत जे अंतर पडतं, ते दोन्हीकडे समान हवं.

मापं जुळली म्हणजे झालं असं नाही. पारख डोळे मिटून करायची. जॅकेट घालून, पायांच्या खुणांवर उभं राहून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल सोडायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळा उघडायचा. डायोप्टरच्या भोकात फोरसाइटचा गोल चहूबाजूंनी सारखा दिसला तर चीकपीस बरोबर आहे. गोल खाली किंवा कडेला सरकलेला दिसला आणि आपण नकळत मान हलवून तो मध्ये आणला, तर चीकपीस चुकलाय हे नक्की. पहिल्या दहा शॉटांत ती मान मुकाट हलते. चाळिसाव्या शॉटला तिला हलायचा कंटाळा येतो आणि ग्रुप, म्हणजे शॉटांचा पुंजका, एका बाजूला ओघळू लागतो. मी ट्रायपॉडवर मोबाईल एका जागी पक्का लावून दोन्ही रायफलींसह बाजूने फोटो काढले आणि एकावर एक ठेवून बघितले. हनुवटी किती पुढे आलीय, उजवं कोपर किती उचललंय, हे आरशात कळत नाही, तिथे लगेच कळतं.

वजनाचा भाग मला सगळ्यात आवडला. नियमाने साइटसकट साडेपाच किलोच्या वर जाता येत नाही. माझी पहिली ४.९ किलोची, दुसरी आली तेव्हा तिच्यापेक्षा चांगली पाव किलो हलकी. बॅगा तोलायच्या हुकच्या काट्यावर दोन्ही लटकवून बघितल्या, मग गोल दांडीवर आडव्या ठेवून तोल कुठे साधतो तिथे चिकटपट्टी लावली. विकत मिळणारी वजनं परदेशी, महाग आणि ठरावीक ग्रॅमची. मी उद्यमबागेत, आमच्या औद्योगिक वसाहतीत, गेले. बेळगावच्या लेथवर काय होत नाही? टर्नरकाकांना कागदावर चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, ग्रॅमात पाहिजे म्हणताय, करतो की. खरं पितळेचं करू की एमएसचं? एमएसला आमच्या पावसात गंज धरतोय बघा." एमएस म्हणजे माइल्ड स्टील, साधं पोलाद. पितळेचंच ठरलं. त्यांनी चकत्या कातल्या, कडा मोडल्या, बोट फिरवून स्वतः तपासल्या, आणि काट्यावर एक जड भरली तेव्हा पुन्हा मशीनला लावून नखभर धार काढली. असं काम पैशाने मिळत नाही, त्या माणसाला आपल्या हाताचा मान असावा लागतो.

सगळ्या चकत्या मी आधी नळीच्या टोकाकडे लावून बघितल्या. वजन जुळलं, रायफल स्थिरही झाली, पण वळायला जड वाटू लागली. मग थोड्या पुढे, थोड्या बटकडे अशा वाटल्या. एकूण वजन तेच, तरी हातातलं वागणं बदललं. वस्तुमान दोन टोकांना गेलं की रायफल हलायला आळशी होते आणि एकदा हलली की थांबायलाही वेळ घेते. मधोमध गोळा केलं की चपळ होते. कुणाला काय मानवेल हे ज्याचं त्याने बघावं, मात्र दोन्ही रायफली एकाच स्वभावाच्या हव्यात. हे जुळवण्यात हिवाळा गेला. चकत्या कुठे आणि किती बाहेर आल्यात हे नियमपुस्तकाशी ताडूनच पक्कं करा.

ट्रिगरबद्दल थोडक्यात. रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादा नाही, बहुतेक जण शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. माझे दोन्ही तेवढ्यावर आहेत. वजनापेक्षा पहिल्या टप्प्याचा प्रवास आणि दुसऱ्या टप्प्याची भिंत सारखी लागणं महत्त्वाचं. बोटाला भिंत जिथे अपेक्षित असते तिथे ती नसली, तर शॉट आपल्या आधी सुटतो.

पेलेटचं, म्हणजे छर्ऱ्यांचं, मात्र सगळं वेगळं. पहिलीला जी पेलेट चालते तीच दुसरीला चालेल हा समज सोडून द्या. मॅच पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम, आणि डोक्याचा व्यास ४.४८ पासून ४.५१ पर्यंत मिळतो. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय फरक पडणार, असं नवीन मुलांना वाटतं. त्यांना मी हिशेब करून दाखवते. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. १०.० आणि १०.९ यांच्यामधली प्रत्येक दशांशाची पायरी पाव मिलिमीटरची. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांशाने गुण धरतात, आणि २०१८ पासून मुलींनाही मुलांसारखेच साठ शॉट आहेत. प्रत्येक शॉट पाव मिलिमीटरने चांगला पडला तर साठ शॉटांत सहा गुण होतात. सहा गुणांत यादीतलं नाव पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर जातं.

रायफल क्लॅम्पमध्ये आवळून, वेगवेगळ्या डोक्याच्या आणि वेगवेगळ्या बॅचच्या डब्यांतून शॉट मारले. पहिली रायफल ४.५० वर खूष असते. दुसरीने ४.४९ ची एक बॅच इतकी सुंदर स्वीकारली की पाच शॉटांचं एकच गोल भोक, कडेला जरा केसभर ओरखडा, एवढंच. तो कागद मी जपून ठेवलाय. त्याच कंपनीच्या, त्याच व्यासाच्या दुसऱ्या बॅचने तसा ग्रुप दिला नाही. बॅच नंबर डब्यावर असतो, जमली की शक्य तेवढे डबे एकदम घ्यावेत. आता दोन रायफलींचे डबे दोन रंगांच्या टेपने वेगळे ठेवलेत.

पावसाळ्याविषयी लिहिणं भाग आहे, कारण आपल्याकडचा आषाढ बाहेरच्यांना ठाऊक नसतो. बेळगावच्या टिळकवाडीत आठवडा आठवडा ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल. अशात रायफल पेटीच्या स्पंजमध्ये रात्रभर ठेवू नका. स्पंज ओल धरतो आणि नळीच्या बाहेरच्या अंगाला तांबूस ठिपके येतात. घरी आल्यावर पेटी उघडायची, रायफल कोरड्या फडक्याने पुसायची, नळीतून फेल्टच्या गोळ्या काढायच्या, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या कपाटात उभी करायची. पुड्या ओलावल्या की बदलायच्या. ॲल्युमिनियमचा स्टॉक या बाबतीत सुखाचा निघाला. लाकडाला दमट हवेची खबर लागते, स्क्रू एकदा तपासावे लागतात. धातूच्या स्टॉकला सकाळच्या गारठ्यात गाल चटकन टेकवत नाही, तेवढीच तक्रार. ढगाळ दिवशी रेंजवर उजेड कमी पडतो, तेव्हा डायोप्टरचा आयरिस (भोक लहानमोठं करणारा भाग) थोडा जास्त उघडते. दोन्ही रायफलींवर आयरिस एकाच जातीचा घेतला, त्यामुळे बोटांना सवय एकच राहिली.

हवा भरताना कोरडीच हवी. हातपंपाने दमट दिवसांत भरलं तर पाणी आत जातं आणि हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर कुरकुरतो. मी मोठ्या सिलिंडरवरून भरते, २०० बारला, सावकाश, म्हणजे सिलिंडर तापत नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. औद्योगिक भागात वेल्डिंगचा ऑक्सिजन सहज मिळतो आणि "दाब तर तेवढाच आहे" असं सांगणारे भेटतात. एअर रायफलमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलवरचं जरासं ग्रीस एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो, आणि सिलिंडर आपल्या तोंडाजवळ असतो.

प्रवासात दोन्ही रायफली एका लांब पेटीत मावतात, पण पेटी जड होते. मी दोन वेगळ्या पेट्या ठेवते, एक माझ्याकडे, एक बरोबरच्या मुलीकडे. कोल्हापूरला जाताना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, गाड्या उघडून बघतात. तिथले पोलीस नीट बोलतात, त्यांना कागद हवे असतात. बिल, संघटनेचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र असे तीन कागद वरच्या कप्प्यात ठेवा. दोन रायफली असल्या तर दोन्हींच्या सीरियल नंबरसकट बिलं हवीत.

रोजच्या सरावात मी आठवड्याचा मोठा भाग पहिलीवर घालवते आणि एक पूर्ण साठ शॉटांची मालिका, पंचाहत्तर मिनिटांचं घड्याळ लावून, दुसरीवर. सुरुवातीला दुसरीवर गुण स्पष्ट कमी यायचे. वजनाची वाटणी जमल्यावर आणि ४.४९ ची बॅच सापडल्यावर अंतर घटत गेलं. आता डोळ्यावर पट्टी बांधून हातात दिली तर ट्रिगरला बोट लागेपर्यंत कुठली आहे ते मला सांगता येणार नाही.

ज्यांचं अजून पोझिशन बसायचंय, दर महिन्याला चीकपीस हलतोय, जॅकेट उंचीबरोबर लहान होतंय, अशा मुलांच्या पालकांनी दुसऱ्या रायफलवर पैसे घालू नयेत. तेच पैसे चांगल्या पेलेटवर, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरच्या सरावावर आणि बेंगळुरूच्या प्रवासावर खर्च करावेत. जे वर्षानुवर्षं एकाच मापावर खेळताहेत आणि राज्याच्या पुढे जायची जिद्द बाळगतात, त्यांनी जरूर घ्यावी. घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते आणि ती संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नव्या रायफलबरोबर आलेला सिलिंडरही कधी कधी गोदामात दोन-तीन वर्षं पडून असतो. माझ्या पहिलीच्या सिलिंडरची मुदत पुढच्या वर्षी संपतेय, म्हणून नवीन आत्ताच मागवून ठेवलाय.